साळावलीत शिरलेलं लाल पाणी जातं कुठे

जूनमधे पहिला जोरदार पाऊस झाला की नेत्रावळीच्या बाजूने येणारं पाणी एका रात्रीत लाल होतं, आणि दुसऱ्या दिवशी साळावली धरणाच्या भिंतीवर जाऊन बघितलं तर तिथलं पाणी मे महिन्यात होतं तसंच हिरवट आणि शांत. चार दिवसांनी परत जा, तरी फारसा फरक नाही. वरून तर लाल पाणी धो धो येतंय, पातळी पण वाढतेय, मग ते लाल पाणी गेलं कुठे? आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी हे विचारतं आणि ठरलेलं उत्तर मिळतं, "अरे गाळ खाली बसतो". हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाचं पिण्याचं पाणी याच धरणातून जातं आणि आपण धरणाला एक मोठी टाकी समजून बसलोय, वरून पाणी टाकलं की सगळं एकसारखं मिसळणारी. तसं काहीच तिथे होत नाही.

आधी जागेबद्दल थोडं. धरण सांगे तालुक्यात, साळावली नदीवर, हे पाणी पुढे जुवारीला मिळतं. भिंत माती आणि दगडी बांधकाम अशी मिश्र, ४२.७ मीटर उंच आणि साधारण एक किलोमीटर लांब. साठा २३४ दशलक्ष घनमीटर, पाणलोट क्षेत्र २०९ चौरस किलोमीटर. पातळी ४१.१५ मीटरला पोचली की तो प्रसिद्ध गोल डकबिल सांडवा वाहायला लागतो, आणि त्याचे फोटो काढायला अख्खा गोवा येतो. आता एक साधा हिशोब करून बघा. २०९ चौरस किलोमीटरवरून एक मीटर जाडीचं पाणी वाहून आलं तर ते होतं २०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खं धरण. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्तच. त्यातला निम्मा जरी वाहून आला तरी धरण भरून वर उरतं. म्हणजे ऑक्टोबरला आपण जे पाणी बघतो ते बहुतेक सगळं त्याच वर्षीचं नवीन पाणी, आणि ते आत कसं शिरलं, कुठल्या खोलीवर जाऊन राहिलं, जुनं पाणी कुठून बाहेर पडलं, यावर पुढच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा दर्जा बराचसा ठरतो.

आता मूळ प्रकरण. फाटा म्हणजे जलाशयाचा नदीच्या दरीत वर शिरलेला चिंचोळा भाग. त्याच्या वरच्या टोकाला, जिथे नदी संपून बुडीत सुरू होतं, तिथे दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि पाणी अरुंद आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथे काठावर उभं राहिलं की पाण्यावर एक रेघ दिसते. रेघ म्हणजे अगदी रेघ. अलीकडे लाल, पलीकडे हिरवं, आणि मधे एक हात-दोन हात रुंदीचा पट्टा, त्यात सुकी पानं, बांबूचे तुकडे, नारळाची सोडणं, फेस, प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, सगळं एकत्र गोळा होऊन तिथल्या तिथे हलत असतं. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. रेघ सरळ नसते, मधे पुढे आणि दोन्ही काठांना मागे, म्हणजे टोक धरणाच्या दिशेला असलेला बाण. पाऊस वाढला की अख्खा बाण पुढे सरकतो, दोन दिवस उघडीप मिळाली की परत वर येतो.

आमच्या शेजारचे अण्णा, ज्यांचं कुळागर (सुपारीची बाग) नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि लहानपणापासून ज्यांनी ही नदी बघितलीय, त्यांना मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला काय वाटतं, हे पाणी इथेच का थांबतं?" ते म्हणाले, "थांबत नाही रे, बुडी मारतं." आणि त्यांनी ते दाखवलं पण. सकाळची वेळ, वारा अजिबात नव्हता. सोडणाचा एक तुकडा त्यांनी लाल बाजूला टाकला, तो प्रवाहाबरोबर खाली आला आणि रेघेवर येऊन अडकला, इथवर काही नवल नाही. मग दुसरा तुकडा पलीकडे हिरव्या पाण्यात, रेघेपासून थोडा पुढे टाकला. तो हळूहळू मागे यायला लागला, नदीच्या उलट दिशेने, आणि तो पण रेघेला येऊन चिकटला. म्हणजे हिरव्या बाजूचं वरचं पाणी रेघेकडे ओढलं जात होतं. दोन्हीकडून पाणी एका रेघेकडे येतंय आणि तिथे साचून वर चढत नाहीये, तर त्याला जायला एकच वाट उरते, खाली.

"गाळ बसतो" हे उत्तर इथेच तुटतं. जाड वाळू-माती बसते, खरं आहे, ०.०३ मिलीमीटरचा कण असेल तर एक मीटर खाली यायला त्याला वीसेक मिनिटं पुरतात. पण पाण्याला लाल रंग देणारी जी बारीक चिकणमाती असते, तिचा कण ०.००२ मिलीमीटर किंवा त्याहूनही बारीक, आणि त्याला स्थिर पाण्यात एक मीटर उतरायला साधारण तीन दिवस लागतात. असा कण एका रेघेवर येऊन टुपकन खाली कसा बसेल? बसत असता तर रंग मैलभर फिका फिका होत गेला असता. आणि नुसतं मिसळून विरळ होत असतं तरीही तेच झालं असतं, हळूहळू फिकं, कुठेही स्पष्ट हद्द नाही. स्पष्ट हद्द दिसतेय याचा अर्थ लाल पाणी लाल असतानाच, एकसंध, हिरव्या पाण्याखाली शिरतंय.

शिरतं कशामुळे, तर ते जड असतं म्हणून. यातला आकडा बघितला की गंमत कळते. मे अखेरीला धरणातलं वरचं पाणी ३० अंशांच्या वर गेलेलं असतं, आणि घाटातून जंगलातून पावसाबरोबर येणारं पाणी २५ च्या आसपास. ३० अंशाच्या एक घनमीटर पाण्याचं वजन ९९५.६५ किलो, २५ अंशाच्या पाण्याचं ९९७.०५ किलो. फरक दीड किलोपेक्षाही कमी, हजार लिटरमागे. वाटतं किती क्षुल्लक, पण सपाट पाण्यात एवढा फरक भरपूर होतो. शिवाय उष्ण प्रदेशातल्या पाण्याची एक खासियत आहे, तापमान जितकं वरचं तितका एका अंशाचा फरक वजनात जास्त उतरतो. थंड देशात ५ वरून ४ अंशावर पाणी आलं तर घनत्वात जवळजवळ काही फरक पडत नाही, आपल्याकडे ३० वरून २९ वर आलं तर घनमीटरमागे तीनशे ग्रॅमचा फरक पडतो. त्यामुळे आपल्या धरणांत वर-खाली तीन-चार अंशांचा फरक असला तरी थर पक्के बसतात, आणि "आपल्याकडे कुठे एवढी थंडी, आपल्याकडे थर कसले होणार" असं जे ऐकायला मिळतं ते बरोबर नाही.

त्यात चिखलाचं वजन वेगळं. एका लिटरमागे एक ग्रॅम माती असेल तर घनमीटरमागे सहाशे ग्रॅमची भर पडते, म्हणजे दोन अंश थंड केल्यासारखंच. पहिल्या पुराचं पाणी थंडही असतं आणि मातकटही, दोन्हीची बेरीज होते. दोन किलोचा फरक धरून हिशोब केला, आणि बुडी मारायच्या जागी पाणी चारेक मीटर खोल आहे असं मानलं, तर पाण्याचा वेग सेकंदाला १४-१५ सेंटीमीटरच्या खाली आला की नदीचा पुढे ढकलणारा जोर कमी पडतो आणि वजन जिंकतं. पूर मोठा असेल तर तो जोर अजून खोल पाण्यापर्यंत टिकतो, म्हणून रेघ पुढे सरकते. अण्णांच्या त्या पुढे-मागे होणाऱ्या बाणाचं कारण एवढंच. बाण का, तर काठाला पाणी उथळ आणि जोर कमी म्हणून तिथे लवकर बुडी, मधे जोर जास्त म्हणून उशिरा.

बुडी मारल्यावर ते जातं कुठे? जुन्या नदीच्या पात्रातून. धरण झालं म्हणून खालचा उतार गेलेला नाही, बुडालेलं पात्र तसंच आहे, आणि जड पाणी त्या पात्रातूनच पुढे सरकतं, वर दहा-पंधरा मीटर हिरवं पाणी आणि खाली लाल नदी. मच्छीमाराच्या होडीतून, परवानगी घेऊन, रेघेच्या बरंच पुढे आम्ही वजन बांधलेली बाटली सोडली होती, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी, खाली पोचल्यावर झटका देऊन बूच काढायचं. वरून भरलेलं पाणी हाताला कोमट आणि स्वच्छ, तळाजवळून काढलेल्या बाटलीतलं हातावर घेतलं तर चांगलंच थंड, रंग विटेसारखा, आणि होडीत बाजूला ठेवून दिली तर संध्याकाळपर्यंत तसाच लाल, तळाशी फक्त जाडसर गाळाचा एक पातळ थर. ज्यांना वाटतं हे पुस्तकी आहे त्यांनी ही बाटली एकदा बघावी. खाली पाणी वेगळं आहे हे वरून कळतसुद्धा नाही.

जगात हे काही नवीन नाही. ऱ्होन नदी जिनिव्हा सरोवरात अशीच तळाने जाते आणि तिने तळाशी घळ कोरलीय हे स्विस शास्त्रज्ञ फोरेलने १८८५ सालीच मांडलं होतं. अमेरिकेत हूवर धरणात १९३५ ला पाणी साठायला लागलं तेव्हा वर निळंशार तळं असताना भिंतीच्या खालच्या दारातून गढूळ पाणी बाहेर पडायला लागलं, कोलोरॅडोचं पाणी अख्ख्या जलाशयाच्या तळाने वाहत भिंतीपर्यंत पोचलं होतं. सेकंदाला १४ सेंटीमीटर म्हणजे तासाला अर्धा किलोमीटर, हाच वेग टिकला तर दहा किलोमीटरच्या फाट्याला वीस तास. खरं म्हणजे वाटेत वरचं पाणी थोडं थोडं त्यात मिसळतं, विशेषतः बुडी मारतानाच्या उलथापालथीत, त्यामुळे ते हलकं होत जातं आणि प्रत्येक वेळी भिंतीपर्यंत पोचेलच असं नाही. मधेच कुठेतरी आपल्याइतक्याच वजनाचा थर मिळाला की तळ सोडून त्या खोलीवर आडवं पसरतं.

आणि हीच गोष्ट महिन्यागणिक बदलते. जुलै-ऑगस्टमधे अख्खं धरणच थंड आणि मातकट झालेलं असतं, ऊन नाही, वारा आहे, फरक कमी, तेव्हा रेघ अंधुक होते किंवा दिसतच नाही आणि पाणी बऱ्यापैकी मिसळतं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की वरचा थर परत तापतो, नदी आता निवळ आणि बारीक पण सावलीतून आल्यामुळे गार, ती मधल्या खोलीवर शिरते आणि वरून पत्ताच लागत नाही.

हिवाळ्यात अजून एक वेगळी हालचाल सुरू होते आणि मला वैयक्तिक विचाराल तर ती सगळ्यात सुंदर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सांगेत चांगली थंडी पडते. उथळ फाट्यातलं पाणी थोडं असल्यामुळे लवकर गार होतं, मधल्या खोल भागातलं उशिरा. गार झालेलं पाणी जड, ते रात्रभर उतारावरून फाट्यातून खोल भागाकडे सरकत राहतं आणि वरून तेवढंच पाणी उलट फाट्याकडे येतं. दिवसा उलटं, फाटा लवकर तापतो आणि वरचं कोमट पाणी बाहेर पसरतं. नदीला जवळपास पाणी नसलं तरी फाट्यातलं पाणी असं रोज ये-जा करतं. वरून दुपारचा पश्चिमेचा वारा, तो वरचं पाणी पूर्वेच्या फाट्यांत लोटतो आणि खालून ते परत येतं. मेमधे जेव्हा सगळे म्हणतात पाणी साचून राहिलंय, तेव्हाही ते साचलेलं नसतं, पण ही सगळी हालचाल वरच्या काही मीटरमधे, तळाच्या थराला त्याचा काही उपयोग होत नाही.

तळाचा थर हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे. फेब्रुवारी-मार्चपासून वर ऊन, खाली गार, मधे अदृश्य झाकण. खाली ऑक्सिजन जायला वाट नाही आणि कुजायला माल भरपूर. मे महिन्यात पाणी उतरलं की धरणात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, माणसं सोमेश्वराच्या देवळात जमतात, जुन्या घरांची जोती बघतात. (तिथलं महादेवाचं कदंबकालीन देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड उचलून धरणाजवळ परत उभं केलंय, बघितलं नसेल तर जरूर बघा.) त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत उगवतं, गुरं चरतात, शेण पडतं, आणि जून-जुलैमधे ते सगळं परत पाण्याखाली. शिवाय पहिल्या पुराबरोबर जंगलातला वर्षभराचा पालापाचोळा. हे सगळं कुजताना ऑक्सिजन खातं, तो संपला की जिवाणू दुसऱ्या गोष्टींवर वळतात, आणि त्यात लवकर नंबर लागतो मँगनीजचा, मग लोखंडाचा, आणि त्यानंतर सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू.

सांगे तालुक्याच्या जमिनीत लोखंडाबरोबर मँगनीज आहेच, खनिज म्हणून ते काढलंही गेलंय. खाणी २०१२ ला बंद झाल्या, मधे काही चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, पण उघडी माती आणि खाणीतल्या टाकाऊ मातीचे डंप काही कोर्टाच्या तारखा बघून वाहायचे थांबत नाहीत, आणि नुसत्या जांभ्या मातीतही ही दोन्ही द्रव्यं असतातच. ऑक्सिजन आहे तोवर मँगनीज मातीच्या कणांना चिकटून तळाला पडून राहतं, कोणाला काही त्रास नाही. ऑक्सिजन संपला की ते विरघळतं, आणि विरघळलेलं मँगनीज रंगहीन. ग्लासात धरलं तर पाणी एकदम चकचकीत. पुढे क्लोरीन मिळालं, पाइपमधे वेळ मिळाला की मग ते तपकिरी-काळं होऊन बाहेर येतं, बादलीला डाग, कपड्यांना डाग. पिण्याच्या पाण्याच्या आय एस १०५०० या मानकात मँगनीजची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलीग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. आणि याचा त्रास असा की लोखंड हवेशी संबंध आला की पटकन खाली बसतं, मँगनीज नुसत्या हवेने लवकर बसत नाही, पायऱ्यांवरून पाणी उडवून भागत नाही, परमँगनेटसारखं काहीतरी रसायन द्यावं लागतं आणि ते मोजून द्यावं लागतं.

आता लाल पाण्याची बुडी आणि हा तळाचा थर एकत्र ठेवून बघा. जूनमधे थंड, जड, ऑक्सिजनने भरलेलं पुराचं पाणी तळाने शिरतं. तळाला आधीच चार महिन्यांचं जुनं, ऑक्सिजन संपलेलं पाणी पडलंय. नवीन पाणी त्याच्याखाली घुसलं तर जुनं पाणी कुठे जाणार? वर उचललं जाणार. धरण सगळ्यात रिकामं असतानाच, म्हणजे पाणी उचलायच्या जागेच्या डोक्यावर पाण्याचा थर सगळ्यात पातळ असतानाच. म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिल्या पुरानंतर पाण्याचा दर्जा हलतो तेव्हा सगळा दोष नवीन लाल पाण्यावर टाकून मोकळं होता येत नाही, त्याने खालून वर ढकललेलं जुनं स्वच्छ दिसणारं पाणी तितकंच तपासायला हवं. टर्बिडिटीचा, म्हणजे गढूळपणाचा, मीटर ते पकडणार नाही, कारण ते गढूळ नसतंच.

ओपाच्या जलशुद्धीकरण प्लांटला असा प्रश्न येत नाही. तिथे खांडेपारच्या नदीतून थेट पाणी उचलतात, नदी लाल झाली की प्लांटला लगेच लाल पाणी, जे काय आहे ते समोर. साळावलीत मधे जलाशय आहे, त्याचा मोठा फायदा आहे, महिनोन्महिने निवळ पाणी मिळतं, पण समोर जे दिसतं ते फक्त वरचं असतं.

सांडव्याचंही तेच. तो भरून वाहतो तेव्हा वरचंच पाणी वाहून जातं, म्हणजे तुलनेने निवळ आणि कोमट. खालचा गाळ आणि पाचोळा आतच राहतो. दरवर्षी धरण दीड-दोनदा भरेल एवढं पाणी येतं म्हणून तळही धुऊन निघतो असं समजणं चूक आहे.

फाट्याकडे वेगळं लक्ष का द्यायचं यासाठी चीनचं उदाहरण सांगतो. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणात २००३ ला पाणी अडवलं आणि त्यानंतर मुख्य पात्रात नाही, पण उपनद्यांच्या तोंडाशी तयार झालेल्या फाट्यांत शेवाळाचा उद्रेक व्हायला लागला. भिंतीच्या वर तीसेक किलोमीटरवर मिळणारी शियांगशी ही त्यातली सगळ्यात अभ्यासलेली उपनदी. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष उपनदीच्या गावांकडे, खतांकडे. मोजमापं झाली तेव्हा कळलं की मुख्य नदीचं पाणीच उलटं फाट्यात शिरतंय, कधी वरून, कधी मधल्या थरातून, ऋतूप्रमाणे, आणि स्वतःबरोबर खाद्य द्रव्यं घेऊन येतंय, तर उपनदीचं थंड पाणी तळाने बाहेर पडतंय. दोन दिशांची वाहतूक एकाच फाट्यात. मग तिथे पातळी थोडी वर-खाली करून, थर मोडून शेवाळ आटोक्यात आणता येईल का यावर काम झालं. त्यांचं वेळापत्रक आपल्या उलट आहे, ते हिवाळ्यात १७५ मीटरपर्यंत भरतात आणि पुरासाठी जागा म्हणून पावसाळ्याआधी १४५ पर्यंत रिकामं करतात, त्यामुळे त्यांची उत्तरं उचलून इथे लावता येणार नाहीत. पण फाटा वेगळा मोजल्याशिवाय काही कळत नाही हे मात्र तसंच्या तसं लागू होतं.

गोव्यात हे करायची अक्कल आणि माणसं नाहीत असंही नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी तिळारीच्या जलाशयात खोलीप्रमाणे तापमान, ऑक्सिजन, मिथेन असं बरंच मोजलेलं आहे, आणि तिळारीचं पाणी पेडणे, बार्देश, डिचोलीला कालव्याने येतंच. म्हणजे पद्धत आहे, उपकरणं आहेत, शास्त्रज्ञ गोव्यातच आहेत.

साळावलीसाठी मला जे हवंय ते फार खर्चिक नाही. तीन जागा, एक भिंतीजवळ, एक कुर्डीच्या वरच्या खोल भागात, एक फाट्यात. तिन्ही ठिकाणी दर दोन मीटरला तापमान, टर्बिडिटी आणि विरघळलेला ऑक्सिजन, एरवी पंधरा दिवसांनी एकदा, आणि पहिल्या पुराच्या आठवड्यात रोज. तापमानासाठी तर दोरीला आपोआप नोंद ठेवणारे छोटे लॉगर बांधून तरंगत्या बोयाला टांगून ठेवले की झालं, माणूसही जावा लागत नाही. मार्चनंतर तळाचं मँगनीज वेगळं तपासायचं, भिंतीजवळचं वरचं एक सॅम्पल घेऊन नाही. आणि नदीवर, पुलापाशी, एक तापमान-टर्बिडिटीचा मीटर. नदीचं पाणी किती थंड, किती मातकट आणि धरणाच्या कुठल्या खोलीला किती तापमान हे दोन्ही माहीत असलं की लाल पाणी कुठल्या खोलीवर जाऊन बसणार हे आधीच काढता येतं, आणि ते भिंतीजवळ पोचायच्या आत बऱ्याच वेळा काही तासांची, कधी दिवसभराची सवड मिळते. ज्या धरणांत वेगवेगळ्या उंचीवरून पाणी घ्यायची सोय असते तिथे त्या सवडीत दार बदलता येतं. जिथे तशी सोय नाही तिथे निदान प्लांटवरच्या माणसाला उद्या काय येणार ते आज कळतं, आणि डोस तयार ठेवता येतो. प्लांटवर रात्रपाळीला बसलेल्या माणसासाठी हे केवढं मोठं आहे ते त्यालाच विचारा.

हे आकडे लोकांना बघायलाही मिळावेत. धरण किती टक्के भरलं हे पावसाळ्यात रोज पेपरात येतं, तसंच तळाला ऑक्सिजन किती हे एप्रिलमधे आलं तर काय बिघडेल? शाळेतल्या पोरांना पण त्यातून जे शिकायला मिळेल ते कुठल्याच पुस्तकात नाही, त्यांच्या घरातल्या नळाचंच पाणी आहे ते.

ज्यांना ती रेघ स्वतः बघायचीय त्यांच्यासाठी, पहिल्या दणदणीत पावसानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. रस्त्याच्या बाजूने उंचावरून बघा, बाणाचा आकार वरूनच नीट दिसतो. खाली काठावर उतरू नका, पाणी नुकतंच ओसरून परत चढत असतं आणि त्या पट्ट्यातला चिखल वरून सुका दिसला तरी आत मांडीपर्यंत पाय जातो. दुर्बीण असेल तर न्या आणि रेघेच्या पलीकडच्या हिरव्या पाण्यावरच्या एखाद्या पानावर नजर धरून दहा मिनिटं शांत बसा, ते कुठल्या दिशेला जातं ते बघा.